धूर फुप्फुसात थांबत नाही

छातीचे दुखणे छातीच्या डॉक्टरांकडे, हृदयाचे हृदयाच्या डॉक्टरांकडे आणि पायाचे दुखणे घरच्या तेलाकडे, अशी आजारांची वाटणी आपल्या कुटुंबांत फार दिवसांपासून चालत आली आहे. घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती वीस-पंचवीस वर्षे बिडी ओढत असते. सकाळी उठल्याबरोबर येणारा खोकला आणि त्याबरोबर पडणारा कफ यांना ‘बिडीचा खोकला’ असे नाव देऊन घर मोकळे होते. पुढे काही वर्षांनी शेताच्या बांधावरून चालताना दम लागू लागतो, तेव्हा ‘आता वय झाले’ असे म्हटले जाते. आणि मग एके दिवशी त्याच व्यक्तीला हृदयविकाराचा झटका येतो किंवा अर्धांगवायू होतो, तेव्हा हे संकट अचानक कोठून आले, असा प्रश्न सर्वांना पडतो.

ते अचानक आलेले नसते. खोकला, दम, पायातील कळ आणि हृदयाचा झटका ही चार दुखणी दिसायला वेगळी असली, तरी पुष्कळदा ती एकाच मुळातून आलेली असतात. ते मूळ म्हणजे धुराने बिघडलेल्या रक्तवाहिन्या. धूर नाकातोंडातून फुप्फुसात जातो हे सर्वांना ठाऊक आहे. तो तेथे थांबत नाही, फुप्फुसातून रक्तात उतरतो आणि रक्त जेथे जेथे जाते तेथे तेथे आपली खूण ठेवतो, ही गोष्ट मात्र आपल्या घरांत अजून पुरेशी पोहोचलेली नाही. आजच्या लेखात तिचाच विचार करावयाचा आहे.

गोंदिया जिल्ह्यात हा विषय काढणे म्हणजे घरच्याच गोष्टीला हात घालणे होय. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. पण येथील बिडीचा व्यवसाय त्याहून कितीतरी जुना आहे. गोंदियाचे रेल्वे जंक्शन आणि भोवतालच्या जंगलांतील तेंदूची झाडे यांच्या आधारे तो वाढला. उन्हाळ्यात पहाटे जंगलात जाऊन तेंदूची पाने तोडावीत, घरी आणून त्यांचे पुडे बांधावेत आणि ते फळीवर द्यावेत, या कामावर अनेक कुटुंबांचा उन्हाळा निघतो. पाने कापून, त्यांत जर्दा भरून बिड्या वळण्याचे काम घरातल्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. ज्या वस्तूने चूल पेटवली तिच्याविषयी कठोर बोलणे सोपे नसते. म्हणूनच आरंभी स्पष्ट करावयास हवे, की येथे दोष कष्ट करणाऱ्या हातांना द्यावयाचा नाही. बोलावयाचे आहे ते धुराविषयी.

तंबाखूचा धूर हा या जिल्ह्यातला एकमेव धूर नव्हे. सरपणाची चूल, धानाच्या मळणीची धूळ, राईस मिलमधला बारीक कोंडा, हिवाळ्यातील शेकोटी हे सारे त्याच श्वासमार्गाने आत जाते. पुण्याचे श्वसनविकारतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक महत्त्वाचा लेख लिहिला. जगात तंबाखू ओढणारे लोक सुमारे १०० कोटी आहेत, तर लाकूड, गोवऱ्या, काडीकचरा यांच्या धुरात राहणारे लोक सुमारे ३०० कोटी आहेत, याकडे त्यांनी लक्ष वेधले. आयुष्यात एकदाही बिडी न ओढलेल्या स्त्रीला श्वसनमार्ग कायमचे अरुंद करणारा विकार कसा होतो, याचे उत्तर बहुधा तिच्या स्वयंपाकघरात सापडते. या विकाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. बोलीत आपण त्याला सरसकट ‘दमा’ म्हणतो. खरा दमा बहुतेकदा कमीजास्त होतो आणि औषधाने श्वासमार्ग बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. सीओपीडीमध्ये झालेली अरुंदता पूर्णपणे जात नाही, हा दोहोंतला मुख्य फरक.

आता रक्तवाहिन्यांकडे वळू. रक्तवाहिनी म्हणजे नळी आणि रक्त म्हणजे तिच्यातून वाहणारे पाणी, एवढीच कल्पना आपल्या मनात असते. भंडारा-गोंदियाच्या शेतकऱ्याला याहून चांगली कल्पना सहज करता येईल. मालगुजारी तलावातून निघणारे पाणी पाटाने येते. पण कोणत्या बांधीत किती पाणी जावे, केव्हा वाट मोठी करावी, केव्हा माती टाकून ती आवळावी, हे पाट स्वतः ठरवत नाही. पाण्याची पाळी राखणारा जाणता माणूस ते ठरवतो. रक्तवाहिनीत मात्र हा जाणता माणूस तिच्या आतच बसलेला असतो. प्रत्येक रक्तवाहिनीच्या आतील बाजूस पेशींचा केवळ एकेरी थर असतो. शास्त्रीय भाषेत त्याला एन्डोथेलियम म्हणतात. आपण त्याला अंतःस्तर म्हणू. हा थर इतका नाजूक आहे, की दीर्घकाळ तो निव्वळ अस्तर समजला जात होता.

१९८० साली अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवून दिले, की अंतःस्तर खरवडून काढला तर सशाच्या महाधमनीचा तुकडा सैल पडण्याचा संदेश मिळूनही सैल पडत नाही. म्हणजे ‘सैल हो’ ही आज्ञा अंतःस्तरच देत असतो. ती आज्ञा नायट्रिक ऑक्साइड नावाच्या एका साध्या वायूच्या रूपाने दिली जाते, हे पुढे सिद्ध झाले आणि १९९८ साली फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. निरोगी अंतःस्तर हा वायू सतत तयार करतो. त्यामुळे गरजेप्रमाणे रक्तवाहिनी रुंदावते, रक्तातील बिंबाणू एकमेकांना चिकटून गुठळी होत नाही आणि दाहाच्या पेशी भिंतीला धरून राहत नाहीत. आपण धावतो तेव्हा पायांना जास्त रक्त मिळते, जेवतो तेव्हा पोटाकडे वळते. ही सारी पाळी तो बिनबोभाट सांभाळत असतो.

धूर आत गेला की पहिला घाव या व्यवस्थेवर पडतो. धुरातील अतिक्रियाशील कण नायट्रिक ऑक्साइड तयार होताच त्याला नष्ट करतात. काही काळाने अंतःस्तराची तो तयार करण्याची क्षमताच कमी होते. उलट रक्तवाहिनी आवळणारी द्रव्ये वाढतात. निकोटिनमुळे नाडी वेगाने चालू लागते व रक्तदाब चढतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. बिंबाणू चिकट होतात. म्हणजे एकाच वेळी रक्तवाहिनी आवळते, रक्त गुठळी धरण्यास उत्सुक होते, हृदयाचे काम वाढते आणि त्या हृदयाला मिळणारा प्राणवायू कमी होतो. पाळी राखणारा माणूस झोपी जावा, पाटात गाळ साचावा आणि त्याच वेळी तलावातले पाणीही उतरावे, तशी ही स्थिती होय.

हे सर्व म्हातारपणी घडते, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. १९९२ साली डेव्हिड सेलरमायर आणि त्यांच्या लंडन येथील सहकाऱ्यांनी एक सोपी चाचणी मांडली. दंडाभोवती किंवा हाताभोवती पट्टा काही मिनिटे आवळून ठेवायचा, मग सोडायचा आणि परत जोराने वाहू लागलेल्या रक्तामुळे दंडातील धमनी किती रुंदावते हे सोनोग्राफीने मोजायचे. निरोगी धमनी चटकन रुंदावते. धूम्रपान करणाऱ्या तरुणांची धमनी, हृदयाची कोणतीही तक्रार नसताना, नीट रुंदावली नाही. दुसऱ्याच वर्षी याच संशोधकांनी दाखवले, की जितके धूम्रपान अधिक तितका हा बिघाड अधिक. मात्र ज्यांनी धूम्रपान सोडले होते त्यांच्यात तो कमी होता. १९९६ साली त्यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. स्वतः कधीही धूम्रपान न केलेल्या, परंतु इतरांच्या धुरात वर्षानुवर्षे राहिलेल्या तरुणांच्या धमन्यांतही तसाच बिघाड आढळला. ओसरीवर बसून आजोबांनी सोडलेला धूर नातवंडांपर्यंत पोहोचतो, याचा अर्थ केवळ त्यांना ठसका लागतो एवढाच नाही.

शरीरातील इतर अवयवांप्रमाणे फुप्फुसालाही स्वतःच्या रक्तवाहिन्या असतात आणि धुराचा सर्वांत जवळचा शेजार त्यांनाच असतो. हृदयाच्या उजव्या भागातून निघणारे सगळे रक्त, विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला सुमारे ५ लिटर, फुप्फुसातून जाते. फुप्फुसाच्या कोट्यवधी वायुकोशांभोवती केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. तेथील दाब शरीरातील इतर धमन्यांच्या मानाने फारच कमी असतो, कारण भिंती पातळ आणि वाटा मोकळ्या असतात. या मोकळ्या वाटा बंद होऊ लागल्या तर काय होईल?

दीर्घकाळ वैद्यकीय समजूत अशी होती, की आधी श्वासमार्ग बिघडतात, वायुकोश फाटतात, प्राणवायू कमी पडतो आणि मग शेवटी रक्तवाहिन्या बिघडतात. हा क्रम अर्धाच खरा आहे. १९५९ साली अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ एव्हरिल लीबो यांनी वायुकोशांच्या नाशात रक्तवाहिन्यांच्या ऱ्हासाचाही वाटा असावा, असा विचार मांडला होता. १९९१ साली इंग्लंडमधील संशोधकांनी अखेरच्या अवस्थेतील सीओपीडीच्या रुग्णांची, फुप्फुस-रोपणाच्या वेळी काढलेली फुप्फुसे तपासली. त्यांतील धमन्यांची सैल पडण्याची शक्ती कमी झाल्याचे आढळले. पुढे बार्सिलोना येथील संशोधकांनी सौम्य विकार असलेल्या रुग्णांकडे पाहिले, आणि ज्यांची फुंकण्याची चाचणी अद्याप पूर्णपणे सामान्य होती अशा धूम्रपान करणाऱ्यांकडेही पाहिले. त्यांच्याही फुप्फुसांतील लहान धमन्यांची आतली बाजू जाड झालेली होती आणि भिंतींत दाहाच्या पेशी शिरलेल्या होत्या.

या निष्कर्षाचा अर्थ कुटुंबाच्या दृष्टीने फार मोठा आहे. ‘माझी चाचणी चांगली आली, दम लागत नाही, मग बिडी मला बाधत नाही’, हे समाधान पोकळ आहे. कोविडच्या साथीत आपल्यापैकी अनेकांनी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घेतले. त्यावर ९७ किंवा ९८ हा आकडा दिसला, की छाती निर्दोष असल्याचा दाखला मिळाल्यासारखे वाटते. तो आकडा त्या क्षणी रक्तात प्राणवायू पुरेसा आहे एवढेच सांगतो. रक्तवाहिन्यांची आतली बाजू कशी आहे, हे तो सांगू शकत नाही.

विकार वाढला की आणखी एक यंत्रणा उलटते. शरीरात इतरत्र प्राणवायू कमी पडला तर रक्तवाहिन्या रुंदावतात. फुप्फुसात मात्र त्या आवळतात. ही निसर्गाची युक्ती आहे. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा पोहोचत नाही तेथे रक्त पाठवून उपयोग नाही, म्हणून ते हवा असलेल्या भागाकडे वळवले जाते. परंतु सीओपीडीमध्ये बहुतेक सगळ्याच भागांत हवा कमी पोहोचू लागते, आणि मग सर्वत्रच वाहिन्या आवळून बसतात. आधीच जाड झालेल्या भिंती, त्यात हे आवळणे, दाब वाढतो. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदयाचा उजवा भाग थकतो. मग संध्याकाळी पायांवर सूज दिसू लागते, मानेतील शिरा फुगतात, ओठ आणि नखे निळसर वाटू लागतात. ‘पाय सुजले म्हणजे अंगात पाणी झाले’ असे म्हणून घरगुती उपाय करत बसण्याची ही वेळ नव्हे. खोकल्याच्या जुन्या रुग्णाच्या पायांवर सूज आली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

फुप्फुसाबाहेरही हीच कथा चालू असते. अमेरिका आणि कॅनडात १९८६ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात श्वासमार्ग थोडेफार अरुंद झालेले ५,८८७ धूम्रपान करणारे लोक सहभागी झाले होते. अनेक वर्षे त्यांचा मागोवा घेतला गेला. त्यांच्यातील मृत्यूंची कारणे पाहता फुप्फुसाचा कर्करोग आणि हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार पुढे होते. श्वास अपुरा पडून झालेले मृत्यू त्यांच्या बरेच मागे होते. म्हणजे सौम्य सीओपीडी असलेल्या माणसाला खरा धोका त्याच्या दम्याकडून जितका, त्याहून अधिक त्याच्या हृदयाकडून असतो. तरीही छातीचे औषध नियमाने घेणाऱ्या किती रुग्णांचा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा तरी तपासले जाते? हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा.

पायांचाही येथे विचार करावयास हवा. चालताना पोटरीत कळ येते, थांबले की जाते, पुन्हा चालले की येते; ही तक्रार पुष्कळदा ‘वाता’च्या खात्यात जमा होते. पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचे ते लक्षण असू शकते. त्याशिवाय बिडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांत दिसणारा एक भीषण विकार आहे. न्यूयॉर्कचे डॉ. लिओ बर्गर यांनी १९०८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला बर्गरचा विकार म्हणतात. तो बहुधा पंचेचाळिशीच्या आत सुरू होतो. हातापायांच्या लहान रक्तवाहिन्यांत दाह होऊन गुठळ्या धरतात, बोटे थंड व काळीनिळी पडतात, रात्री झोप लागू नये इतकी वेदना होते आणि जखम भरत नाही. पुढे बोट, कधी पायही कापावा लागतो. हा विकार आशिया खंडात तुलनेने अधिक आढळतो आणि तंबाखूशिवाय तो जवळजवळ दिसतच नाही. त्यावर खात्रीचा उपाय एकच आहे: तंबाखू पूर्णपणे आणि कायमची बंद करणे. ज्यांनी वेळेत ती सोडली, त्यांच्यावर अवयव कापण्याची वेळ क्वचितच येते. ‘कमी केली आहे’ या उत्तराला या विकारात काहीही किंमत नाही.

आता बिडीविषयी काही प्रचलित समजुती पाहू. पहिली समजूत अशी, की बिडीत तंबाखू थोडी असते, शिवाय पान नैसर्गिक असते, म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा बरीच कमी असते हे खरे. परंतु तेंदूच्या पानातून हवा आत शिरत नाही आणि बिडी लवकर विझते. म्हणून ती पेटती ठेवण्यासाठी अधिक वेळा व अधिक जोराने ओढावी लागते. परिणामी डांबर, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी मिळत नाहीत, पुष्कळदा अधिकच मिळतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, देशभरातील मृत्यूंच्या मोठ्या अभ्यासात प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा निष्कर्ष काढला, की भारतात धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे ६ वर्षांनी आणि स्त्रियांचे सुमारे ८ वर्षांनी कमी होते. त्या स्त्रियांपैकी बहुतेक बिडीच ओढणाऱ्या होत्या.

दुसरी समजूत, ‘मी दिवसाला दोनच ओढतो.’ फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका संख्येबरोबर वाढत जातो. रक्तवाहिन्यांचे गणित निराळे आहे. २०१८ साली ‘बीएमजे’ या नियतकालिकात अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण आले. दिवसाला वीस सिगारेट ओढल्याने हृदयविकाराची जोखीम जितकी वाढते, तिच्या जवळजवळ निम्मी जोखीम दिवसाला एकच सिगारेट ओढल्यानेही वाढते, असे त्यातून दिसले. अंतःस्तराला बिघडायला थोडा धूर पुरतो. बिड्यांची संख्या निम्मी केली म्हणून हृदयाचा धोका निम्मा होत नाही.

तिसरी समजूत आपल्या भागात विशेष बळावली आहे. बिडी सोडली आणि खर्रा धरला, म्हणजे फुप्फुस वाचले, असे अनेकांना वाटते. धूर थांबला हे खरे. पण निकोटिन थांबले नाही. ते तोंडातून रक्तात जाते, नाडी आणि रक्तदाब वाढवते, आणि तोंडाच्या कर्करोगाचे दार उघडते ते वेगळेच. एका व्यसनाच्या जागी दुसरे ठेवणे याला सोडणे म्हणता येत नाही.

यात दिलासा देणारी बाजूही आहे आणि ती तितक्याच गांभीर्याने सांगावयास हवी. फाटलेले वायुकोश पुन्हा जुळत नाहीत. गेलेले फुप्फुस परत येत नाही. अंतःस्तर मात्र सुधारण्याची बरीच क्षमता राखून असतो. धूम्रपान बंद केल्यावर एकदोन दिवसांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड निघून जातो. अमेरिकेत सुमारे दीड हजार धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांनी एक वर्ष पूर्ण वर्ज्य पाळले त्यांच्या दंडातील धमनीची रुंदावण्याची शक्ती सुधारली. विशेष म्हणजे त्या काळात त्यांचे वजन वाढलेले असूनही सुधारली. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की धूम्रपान सोडल्यानंतर एका वर्षात हृदयाच्या धमन्यांच्या विकाराची जोखीम धूम्रपान करणाऱ्याच्या तुलनेत सुमारे निम्मी होते. वर उल्लेखिलेल्या ५,८८७ जणांच्या अभ्यासात सोडण्यासाठी नीट मदत मिळालेल्यांपैकी जेमतेम पाचव्या हिश्श्याला ते कायम साधले. तरीही त्या संपूर्ण गटातील मृत्यूंचे प्रमाण साडेचौदा वर्षांनंतर दुसऱ्या गटापेक्षा कमी होते. आता सोडून काय उपयोग, या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

कुटुंबाने प्रत्यक्षात काय करावे? चाळिशी ओलांडलेल्या, बिडी ओढणाऱ्या किंवा चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या आणि तीन महिने खोकला किंवा दम असलेल्या प्रत्येक व्यक्तीची स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात जोराने फुंकण्याची चाचणी, एकदा करून घ्यावी. केवळ छातीच्या एक्स-रेवरून सीओपीडी ओळखता येत नाही. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; तेथे किंवा आपल्या डॉक्टरांकडे या चाचणीची चौकशी करावी. त्याच भेटीत रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. तिशीनंतर रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्र व उपकेंद्रांतही होते. डॉक्टरांना नेमके विचारावे: ‘छातीबरोबर हृदयाचीही तपासणी लागेल का?’

आपल्या भागात हिवाळा कडक असतो. विदर्भातील नीचांकी तापमान पुष्कळदा गोंदियातच नोंदले जाते. या दिवसांत सर्दी-पडशाने दम उसळतो. दम असा उसळल्यानंतरच्या काही दिवसांत हृदयाच्या झटक्याची शक्यता एरवीपेक्षा वाढलेली असते. म्हणून त्या काळात छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, एका बाजूची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसले, तर ‘दम्याचाच त्रास आहे’ असे समजून सकाळची वाट पाहू नये; १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बंद खोलीत शेकोटी किंवा शेगडी ठेवू नये. इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी घेण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. हृदयाची आणि छातीची औषधे एकमेकांना बाधतील या भीतीने कोणतेही औषध परस्पर बंद करू नये. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवाव्यात. ज्यांच्या रक्तातील प्राणवायू सततच फार कमी असतो, त्यांना डॉक्टर घरी दिवसातून किमान १५ तास प्राणवायू घेण्यास सांगतात. तो ‘शेवटचा उपाय’ समजून टाळू नये. त्यामुळे अशा रुग्णांचे आयुष्य वाढते, हे १९८० व १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी सिद्ध केलेले आहे.

चालणे थांबवू नये. दम लागतो म्हणून खाटेवर बसून राहिले, की स्नायू झिजतात आणि थोड्याशा श्रमानेही दम अधिक लागतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने दररोज थोडे थोडे वाढवत चालावे. घरात गॅस असूनही पाणी तापवण्यासाठी आणि धान उकडण्यासाठी चूल पेटतच असेल, तर ती निदान उघड्यावर, लेकरांपासून आणि म्हाताऱ्यांपासून दूर ठेवावी. बिड्या वळण्याचे काम घरात होत असेल, तर जर्द्याची टोपली झोपण्याच्या आणि स्वयंपाकाच्या जागेत ठेवू नये. काम मोकळ्या हवेत करावे आणि लहान मुलांना त्या धुळीजवळ बसवू नये.

बिडी सोडण्यासाठी केवळ निश्चय पुरतोच असे नाही. निकोटिनची ओढ हा मेंदूतला बदल आहे. त्यासाठी समुपदेशन आणि औषधे दोन्ही उपलब्ध आहेत. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर मिळते. घरच्यांनी टोमणे मारण्यापेक्षा सोडण्याचा दिवस एकत्र ठरवावा, त्या दिवशी घरातील बिडीबंडल आणि खर्रा दोन्ही बाहेर काढावेत, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांतील चिडचिड सोसून घ्यावी. एकदा पुन्हा ओढली गेली, तर सगळे वाया गेले असे समजू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा. अनेकांना पहिल्याच प्रयत्नात यश येत नाही, पण प्रयत्न करणाऱ्यांनाच ते येते.

आजवर आपण खोकल्याकडे पाहून बिडीचे मोजमाप करत आलो. खोकला बोलका असतो, तो सर्वांना ऐकू येतो. रक्तवाहिनी मुकी असते. ती बिघडली तरी वर्षानुवर्षे काही सांगत नाही आणि जेव्हा सांगते तेव्हा पुष्कळदा फार उशीर झालेला असतो. म्हणून तिच्या तक्रारीची वाट पाहू नये. या आठवड्यात घरातील धूर ओढणाऱ्या आणि धुरात राबणाऱ्या व्यक्तींची नावे एका कागदावर लिहावीत, आणि त्यांपैकी कोणाचा रक्तदाब शेवटचा केव्हा मोजला गेला हे प्रत्येक नावापुढे लिहावे. ज्या नावापुढची जागा कोरी राहील, तेथून आरंभ करावा.